काय सोडायचं ते तुम्हीच ठरवा

होंगेची फुलं पडायला लागली की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. होंगे म्हणजे आपला करंज. पण सारं आयुष्य बंगळुरात गेल्यावर तोंडात आधी कानडी नावच येतं. महादेवपुऱ्यात आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये याची तीनच झाडं वाचली आहेत. तरी मार्चअखेरीला दुपारपर्यंत गाड्यांच्या काचांवर चुरमुरे सांडल्यासारखे दिसतात. वॉचमन झाडू मारून वैतागतो, आम्ही वायपर चालवून वैतागतो. या फुलांना इथं कुणी फुलं म्हणत नाही, कचरा म्हणतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधली दोन तरुण मुलं टेबलावर पत्ते मांडून बसली होती. बदाम-इस्पिकचे नव्हेत. राक्षस, देवदूत, जादूगार, ड्रॅगन असले रंगीत चित्रांचे. पाकिटं विकत घ्यायची, आपापसांत अदलाबदल करायची आणि आपला जोड जमवायचा. तो जुना खेळाडू, ती नवशिकी. एका पत्त्यावरची ओळ तो तिला समजावत होता. हा राक्षस हल्ल्याला निघाला की समोरच्याने आपले दोन पत्ते सोडून द्यायचे.

"कुठले दोन?" तिने विचारलं.

"तुला हवे ते. तूच ठरवायचंस."

"मग बरंय की!" ती म्हणाली.

मी डब्याचं झाकण लावलं. अगदी हेच, याच शब्दांत, मीही म्हणाले होते. त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

नव्वदच्या दशकाच्या मधला तो उन्हाळा. मी दहावीला होते. बसवनगुडीत एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. बाबा सरकारी कारखान्यात विजेचे इंजिनिअर. पावणेसातला कोपऱ्यावर त्यांची कंपनीची बस यायची. वरच्या मजल्यावर घराच्या मालकीणबाई सरोजाक्का आणि त्यांची मुलगी सुधा. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी कालवलेली असायची आणि आमच्या मराठीला त्या 'पुण्याची मराठी' म्हणायच्या. आई साताऱ्याची, त्यामुळे ती दरवेळी चिडायची. सरोजाक्कांचा तोच तर हेतू असायचा.

आई आणि सरोजाक्का रोज पहाटे सहाला दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, देवळापर्यंत चालायला जायच्या. पायात चपला, अंगावर स्वेटर, आणि तोंडाचा पट्टा सुरू. मार्चमध्ये परतताना दोघींच्या केसांत होंगेची फुलं अडकलेली असायची. आई दारात उभी राहून ती एकेक काढायची. ती वेळ तिची होती. त्या अर्ध्या-पाऊण तासात ती कुणाची आई नसायची, कुणाची बायको नसायची. शनिवारी संध्याकाळी दोघी भजनाला जायच्या. आईचा आवाज बेताचा होता, पण टाळ वाजवताना ती मान अशी काही हलवायची की मला लाज वाटायची. आज ती मान हलताना बघायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते देईन.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात एका सकाळी आईला डाव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं होतं. महिन्याभरात ते आपोआप गेलं, आम्हीही विसरलो. जानेवारीत उजवा पाय जड झाला, ओढत चालू लागली. मग मोठं हॉस्पिटल, बोगद्यासारख्या यंत्रात घालून काढलेले फोटो, आणि एक लांबलचक इंग्रजी नाव. डॉक्टर कानडी होते, शांत होते. बाबा विजेचे इंजिनिअर आहेत कळल्यावर त्यांनी सोपं करून सांगितलं: मेंदूकडून निघणाऱ्या वायरींचं इन्सुलेशन मधेमधे झिजतंय. बाबांचा चेहरा क्षणभर उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरी काहीतरी त्यांना समजलं होतं. मग ते हळूच म्हणाले, "टेप लावता येत नाही का सर?" डॉक्टर हसले नाहीत. बाबाही विनोद करत नव्हते.

हा आजार फेऱ्याफेऱ्याने येतो, डॉक्टर म्हणाले. कधी येईल सांगता येत नाही. आला की काहीतरी घेतो, थोडं परत देतो, सगळं देत नाही. उन्हाळ्याला जपा, उष्णता वाईट. आणि ताकद आता मोजकी आहे, ती जपून वापरायची. "घरातली दोन कामं तरी सोडा," ते आईला म्हणाले. "कोणती, ते तुम्हीच ठरवा."

आई परतताना रिक्षात जवळजवळ खुशीत होती. "बरे आहेत हो डॉक्टर," ती बाबांना म्हणाली. "हुकूम सोडत नाहीत. आपल्यावर सोपवतात."

आणि तिने पहाटेचं फिरणं सोडलं. शनिवारचं भजन सोडलं.

"अगं नलू, देवळापर्यंत नको, कोपऱ्यापर्यंत तरी ये की," सरोजाक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या. "स्वल्प चाललं तर पायाला बरंच की गं ते."

"बेडा हो अक्का," आईने त्यांच्याच कानडीत नकार दिला. "हिचं दहावीचं वर्ष. सकाळची ताकद फिरण्यात घालवली तर डबा कोण करेल?"

"सरी, बरं तर," सरोजाक्का म्हणाल्या, आणि एकट्याच गेल्या.

आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि बाबांना, यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, सुटलो. फिरणं काय, भजन काय, ती काही कामं थोडीच होती. डॉक्टरांनी दोन म्हटली, आईने दोन सोडली, हिशेब मिटला. स्वयंपाकाला बाई ठेवू, असं बाबा एकदा पुटपुटले होते. "परीक्षेच्या तोंडावर पोरीचं पोट बिघडलं तर?" एवढंच आई म्हणाली आणि विषय संपला. मी कणीक मळायला उठले की ती मला हाताला धरून पुस्तकासमोर बसवायची. आणि मी बसायचे. खरं सांगायचं तर मला कणीक मळायचा कंटाळाच होता.

दहावीच्या मुलीला त्या काळी घरात देव्हाऱ्यातल्या देवापेक्षा जास्त मान होता. रेडिओ बंद, पाहुणे बंद, मोठ्याने बोलणं बंद. मला फक्त एक सूट होती. संध्याकाळी पाच ते साडेपाच जिन्यावर सुधाशी खेळायचं.

सुधा कॉलेजात होती. तिचा मोठा भाऊ अमेरिकेत शिकायला गेला होता आणि येताना तो हे पत्ते घेऊन आला होता. सगळ्या बंगळुरात तेव्हा ते कितीजणांकडे असतील देव जाणे. आम्हाला तरी वाटायचं, आपण दोघीच. चित्रं अशी की आई म्हणाली, हे अभ्यासाच्या खोलीत ठेवू नकोस, स्वप्नात येतील.

खेळ असा होता. काही पत्ते जमिनीचे: डोंगर, रान, तळं, माळ. ते नुसते समोर पडून राहायचे. ते लढायचे नाहीत, बोलायचे नाहीत, सगळे एकसारखे. पण त्यांच्यातून बळ मिळायचं, आणि त्या बळावर हातातले लढणारे पत्ते मैदानात उतरवायचे. मोठा पत्ता उतरवायचा तर जमिनी जास्त लागायच्या. माझ्याकडे एक देवदूत होता, पांढऱ्या पंखांचा, हातात तलवार. तो उतरला की मी जिंकायचे. मग सुधाच्या जोडात एक नवा राक्षस आला. पोटाच्या जागी नुसती पोकळी, तोंड आ वासलेलं. त्याचं इंग्रजी नाव अगडबंब होतं. आम्ही त्याला भस्म्या म्हणायचो. त्याच्यावर ती ओळ होती: हा हल्ल्याला निघाला की समोरच्याने आपले दोन पत्ते सोडावेत.

ती ओळ मला एका दिवसात समजली नाही. पहिल्या डावात मी म्हटलं, माझा देवदूत भस्म्याला अडवेल. सुधा म्हणाली, "अडव की. पण दोन पत्ते आधी सोड."

"अडवलं तरी?"

"अडवायची वेळ नंतर येते गं. तो नुसता उठला की झालं. जिंको, हरो, मरो, तुझे दोन गेले."

दुसऱ्या दिवशी मी वेगळा वकिली मुद्दा काढला. माझ्याकडे एक चिलखती योद्धा होता, त्याला कुठलाही वार लागत नसे. सुधाने मान हलवली. "वार लागत नाही, कबूल. पण तो वार करतच नाहीये. तो फक्त मागतोय. देणारी तू आहेस." मला भयंकर राग आला. समोरून वार आला असता तर मी लढले असते. इथं लढायला कुणी नव्हतंच. माझ्याच हाताने माझाच पत्ता उचलायचा होता. मग मला तो धागा सापडला आणि मी म्हणाले, निवड माझी ना? मग बरंय की!

मी दोन डोंगर सोडले. पुढच्या हल्ल्याला एक रान आणि एक माळ. देवदूत, योद्धा, सगळी मोठी मंडळी शाबूत. आई त्या वेळी आमच्या खालच्याच पायरीवर शेंगा निवडत बसली होती. तिला खेळ कळत नव्हता, पण चित्रं कळत होती. "छान केलंस," ती म्हणाली. "त्यांचा काय उपयोग? नुसतेच तर पडून होते. मीसुद्धा तेच सोडले असते."

दोन पाळ्यांनी माझा देवदूत पडला. हातात दुसरे तीन चांगले पत्ते होते, एकेक असा की डाव फिरवावा. पण जमिनीच उरल्या नव्हत्या. एकही पत्ता उतरवता येईना. मी नुसती हातातली चित्रं बघत बसले आणि सुधा एकेक पाळी घेत मला सावकाश हरवत गेली.

"म्हणूनच नवे लोक हरतात," सुधा म्हणाली. "जमीन काही करत नाही म्हणून आधी तीच देतात. मग हात भरलेला आणि पाय ठेवायला जागा नाही. थोरला पत्ता द्यायचा गं. जीव तुटला तरी तोच द्यायचा. जमीन राहिली तर दुसरा येतो."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने मग चित्रांकडे नाही, सोडलेल्या पत्त्यांच्या चवडीकडे पाहिलं. "हं," म्हणाली, आणि शेंगा घेऊन आत गेली. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरायला तिला भिंतीचा आधार लागला. मी ते पाहिलं. पाहिलं आणि पत्ते पुन्हा पिसायला घेतले.

परीक्षा सुरू झाली. त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं. बंगळुरात तेव्हा घरोघरी पंखे नसायचे. आमच्याकडे एकच होता आणि तो माझ्या टेबलाशेजारी. आई स्वयंपाकघरात, गॅससमोर. दर पेपराच्या दिवशी गरम पोळ्या, वरण-भात, ताटाभोवती सगळं जिथल्या तिथं. निघताना हातावर दही-साखर. डॉक्टर म्हणाले होते उष्णता वाईट. बाबांना हे पाठ होतं, मला पाठ होतं. मला त्या वर्षी इतकं काही पाठ होतं!

शेवटच्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले. आई चहा गाळत होती आणि पदर उजव्या हातावर ओढून घेत होती. मी हात धरला. तीन बोटांवर टरटरून फोड आले होते, एक फुटलेला. पाच-सहा दिवसांपूर्वीचे.

"हे कधी झालं?"

"गणिताच्या दिवशी. तव्याला लागलं असेल."

"असेल म्हणजे?"

"कळलं नाही गं. पोळी करपल्याचा वास आला म्हणून खाली बघितलं, तर पोळी नव्हती."

ती हे सांगताना हसत होती. मला अजून कळत नाही ती का हसत होती. फेरा आला होता. हात बधिर होऊन आठवडा झाला होता आणि तिने तो माझ्या उरलेल्या पेपरांमागे दडवून ठेवला होता. बाबा त्या दिवशी कारखान्यात गेले नाहीत. हॉस्पिटलात आईला पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं. थोडं परत आलं, सगळं आलं नाही. परतल्यावर मी तिला म्हटलं, आजपासून स्वयंपाक मी करते, तू सरोजाक्कांबरोबर फिरायला जा. ती कशी जाणार होती? पाय आता कोपऱ्यापर्यंतही नेईना. एकदा सोडलेला पत्ता पुन्हा हातात येत नाही, हा नियम सुधाने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

मे महिना मोकळा. रस्त्यावर होंगेच्या कोवळ्या हिरव्या पानांची सावली, दुपारी सगळी गल्ली सामसूम. मी वरणाला फोडणी द्यायला शिकले, पोळ्यांचे नकाशे लाटले. आई पलंगावरून सूचना द्यायची. एका दुपारी तीच म्हणाली, "तो तुमचा खेळ शिकव बघू मला."

बोटांनी पत्ते धरता येत नव्हते म्हणून मी ते तिच्यापुढे उशीला टेकवून लावले. देवदूत तिला दिला. भस्म्या माझ्याकडे आला, तो मी मुद्दाम उतरवत नव्हते. आईच्या ते लगेच लक्षात आलं. शेंगा निवडतानाच तिने सगळा खेळ टिपला होता तर.

"उतरव त्याला. आणि कर हल्ला," ती म्हणाली. "माझ्यावर दया करायची नाही."

मी भस्म्या पुढे सरकवला. आईने मांडलेल्या पत्त्यांवरून नजर फिरवली. डोंगर, रान, दोन तळी, माळ. एक शिपाई, आणि देवदूत. ती घाई करत नव्हती. बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. मग तिने कोपराने शिपाई बाजूला ढकलला आणि त्याच्यामागून देवदूत.

"हे राहू देत," डोंगर-तळ्यांकडे हनुवटी करून ती म्हणाली. "आता कळलं मला."

मी ओरडलेच आनंदाने. तिने तो डाव जिंकला नाही, पण शेवटपर्यंत खेळली. दरवेळी भस्म्या उठला की ती न कुरकुरता मोठे पत्ते द्यायची आणि जमिनीला हात लावू द्यायची नाही. मला वाटलं, बस, आता हिला समजलं. आता पुढचा फेरा आला तरी ही नीट निवडेल. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला समजणं आणि निभावणं एकच वाटतं.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही एक जमीन परत मिळवली. परत नव्हे, नवी. पहाटे सहाला मी आईला काखेत धरून दाराबाहेरच्या पायरीपर्यंत नेत असे. वीस पावलं, वीस मिनिटं. तिथं वेताच्या खुर्चीत ती स्वेटर घालून बसायची. सरोजाक्का देवळापर्यंतचं फिरणं सोडून तिच्याशेजारी बसायच्या. "येवढं लांब जाऊन बसवण्णा काय नवीन दिसतोय गं," म्हणायच्या. अंगावर फुलं पडायची. सातच्या सुमाराला मी आईला न्यायला जायचे तेव्हा केसांत चुरमुरे माळून ती बसलेली असायची. ती फुलं आता मी काढायचे. तिचा चेहरा तेव्हा जुन्यासारखा दिसायचा.

त्याच्या पुढच्या वर्षी मी बारावीला. फेब्रुवारीच्या शेवटी फेरा आला, या वेळी जोराचा. हॉस्पिटलमधून निघताना डॉक्टरांनी तेच सांगितलं, तेवढ्याच शांतपणे. आणखी काहीतरी कमी करावं लागेल. काय, ते तुम्ही ठरवा.

मार्च उजाडला. पहिल्या सोमवारी मी पहाटे उठले आणि आईचा स्वेटर घेऊन तिच्या पलंगाशी गेले. बाहेर फुलं पडायला सुरुवात झाली होती.

"नको," ती म्हणाली. "आजपासून नको. मला पायरीवर नेण्या-आणण्यात तुझा पहाटेचा एक तास जातो. पहाटे वाचलेलं लक्षात राहतं."

माझ्या हातातून स्वेटर पडला. मी भांडले. मी रडले. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. शेवटी मी ओरडले, "आई, जमीन सोडायची नसते! तुला माहीत आहे! तूच म्हणाली होतीस कळलं म्हणून! तू देवदूत सोडला होतास!"

तिने डावा हात उचलला. तोच तेवढा उचलता येत होता. माझ्या गालावर ठेवला.

"कळलंय गं मला," ती म्हणाली. "पण तिथला देवदूत कागदाचा होता."